मी अठरा अंकांनी चुकलो होतो

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. तुम्ही मला बीपीचं मशीन म्हणता. घड्याळासारखी गोल तबकडी, तिच्यावर एक बारीक काटा, हवा भरायचा रबरी फुगा आणि दंडाला गुंडाळायचा निळा पट्टा, एवढाच माझा संसार. माझ्या पोटात धातूची एक पातळ डबी आहे. हवा भरली की ती फुगते आणि काटा वर सरकतो.

कारखान्यात मी फक्त हवा ओळखत होतो. सीवूड्सच्या दवाखान्यात आलो आणि पहिल्यांदा एका माणसाच्या दंडावर बसलो, तो क्षण मी कधीच विसरणार नाही. पट्टा आवळला, हवा हळूहळू सुटू लागली आणि अचानक काट्याला आतून धक्का बसला. टक्. पुन्हा टक्. समोरचा माणूस तर गप्प बसला होता! मग मला कळलं, हे त्याचं हृदय आहे. मुठीएवढं असतं म्हणे, आणि जन्मल्यापासून एकदाही विसाव्याला थांबत नाही. त्यानंतर अकरा वर्षांत मी हजारो हृदयं ऐकली, पण तो पहिला अचंबा काही ओसरला नाही.

दवाखाना डॉ. मधुकर आणि डॉ. नंदिनी या नवरा-बायकोचा. एका इमारतीच्या तळमजल्यावर, करावे गावाच्या अलीकडे. एका बाकावर टॉवरमधले निवृत्त साहेब आणि खाडीत मासेमारी करणारे गावकरी शेजारी शेजारी बसत. माझा आकडा ऐकून कुणी सुटकेचा श्वास टाकी, कुणी उद्यापासून मीठ कमी करायचं ठरवी. "सरांचं मशीन एकदम करेक्ट," असं लोक म्हणत आणि मी मनातल्या मनात फुलून जात असे.

यंदा होळीच्या आठवड्यात डॉ. मधुकर एका आजोबांना तपासायला त्यांच्या घरी निघाले. लिफ्ट बंद होती. जिन्यात बॅगेचा पट्टा तुटला आणि मी फरशीवर आपटलो. सरांनी मला उचलून पाहिलं. काच शाबूत, काटा शून्यावर. त्यांनी मला पुसलं आणि बॅगेत ठेवलं. आत डबीला बारीक बाक आला होता, हे त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही.

चार महिने गेले. दवाखान्याला दर्जाचं प्रमाणपत्र मिळावं म्हणून दोघांनी अर्ज केला होता. त्याच्या तपासणीसाठी एके सकाळी क्षिप्राताई आल्या. पाठीवर सॅक, हातात लांबलचक यादी. त्यांचं काम मी थक्क होऊन पाहत राहिलो. लसींच्या फ्रिजमध्ये त्यांनी स्वतःचा थर्मामीटर ठेवला. प्रत्येक औषधाची तारीख वाचली. दवाखान्यातल्या सोनलसिस्टरना हात धुऊन दाखवायला सांगितलं आणि त्या हात धूत असताना घड्याळाकडे पाहत राहिल्या. इतक्या बारकाईने आमच्याकडे आजवर कुणीच पाहिलं नव्हतं!

मग त्यांनी मला उचललं. "हे शेवटचं कधी तपासून घेतलंत?"

"काटा झिरोवर आहे की मॅडम," सोनलसिस्टर म्हणाल्या. "मी रोज बघते."

"झिरोला ठीक दिसतोय. जरा वर नेऊन बघू."

त्यांनी सॅकमधून एक तपासणीचं यंत्र काढलं आणि दोन तोंडांच्या नळीने आम्हा दोघांना जोडलं. एकच हवा दोघांच्या पोटात गेली. त्या यंत्राने दीडशे दाखवले. मी दाखवले एकशे बत्तीस. त्यांनी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा मी अठरा अंक मागेच राहिलो.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते कसं सांगू? ज्यांना मी "सगळं ठीक" म्हणून घरी पाठवलं होतं, ते सगळे चेहरे माझ्यासमोर उभे राहिले.

क्षिप्राताई शांतपणे म्हणाल्या, "हे वापरातून काढा. नवीन आणलंत की मला फोटो पाठवा, हा मुद्दा बंद होईल."

"मुद्दा बंद होईल हो," डॉ. नंदिनी म्हणाल्या, "पण हे चुकतंय कधीपासून?"

डॉ. मधुकर खुर्चीत बसले होते. ते उठून उभे राहिले. "मला माहीत आहे. होळीच्या आठवड्यात माझ्या हातून जिन्यात पडलं होतं. काटा शून्यावर दिसला म्हणून मी कुणाला बोललो नाही. मॅडम, अहवालात लिहा. पडलेलं यंत्र न तपासता चार महिने वापरलं. माझ्या नावानिशी लिहा."

क्षिप्राताईंनी पेन उचललं आणि सरांनी सांगितलं तसंच लिहून घेतलं.

त्याच दुपारी नवं यंत्र आणि केसपेपरांचे गठ्ठे टेबलावर आले. होळीनंतर माझ्यावर बीपी मोजलेल्या माणसांची यादी झाली. दोनशे चौदा नावं. डॉ. नंदिनी आणि सोनलसिस्टर एकेकाला फोन करू लागल्या. जयदेव नावाचे गृहस्थ इतके चिडले, की फोनमधला त्यांचा आवाज मला टेबलावर ऐकू येत होता. "म्हणजे चार महिने आम्ही हवेतच होतो?"

"हो. चूक आमची आहे," डॉ. नंदिनी म्हणाल्या. "आज संध्याकाळी येऊ शकाल?"

ते आले. लोक येत राहिले. नव्या यंत्रावर एकोणीस जणांचं बीपी वाढलेलं निघालं.

धोंडूबाईंचा फोन मात्र लागेना. त्या करावे गावच्या, मासळी विकणाऱ्या. तेव्हा डॉ. मधुकर स्वतःच बाजारात निघाले. नव्या यंत्राबरोबर त्यांनी मलाही बॅगेत घातलं. "कुठलं यंत्र चुकलं ते त्यांना दाखवायला हवं," असं ते म्हणाले.

"डाक्तर, तुमी बाजारान?" धोंडूबाई मासळीच्या पाटीकडे बोट दाखवत हसल्या. "मावरा पायजे का?"

भोवती गिऱ्हाइकं उभी होती. तरीही सरांनी मला हातात धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "धोंडूबाई, हे मशीन बिघडलेलं होतं. मी तुम्हाला सगळं ठीक आहे म्हणालो, ते चूक होतं. परत मोजू दे मला."

धोंडूबाईंचं हसू मावळलं. "चार दिस डोका जड हाय. पन तुमी बोल्लाव ना बराबर हाय, म्हनून गप बसले."

सरांनी तिथेच, पाटीशेजारी उकिडवं बसून त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे शहाऐंशी. सरांनी लगेच रिक्षा बोलावली आणि धोंडूबाईंना इस्पितळात घेऊन गेले. रिक्षात धोंडूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यो मशीन खोटा बोल्ला. तुमी तं खरा सांगाला आलाव." सरांचे डोळे भरून आले. तीन दिवसांनी धोंडूबाई घरी परतल्या, गोळ्या सुरू झाल्या आणि पंधरवड्यात त्या पुन्हा बाजारात बसू लागल्या.

मला मात्र महाप्याच्या एका कार्यशाळेत पाठवलं. तिथे माझी डबी बदलली, मला तीन यंत्रांशी ताडून पाहिलं आणि पाठीवर पुढच्या तपासणीची तारीख चिकटवली.

दोन महिन्यांनी क्षिप्राताई पुन्हा आल्या. त्यांनी पहिल्यांदा मलाच तपासलं. मी एका अंकानेही चुकलो नाही. मग त्यांनी यादी मागितली. प्रत्येक नावापुढे खूण होती.

"सगळे झाले?"

"एक राहिलंय," डॉ. नंदिनी म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "बाही वर करा."

"माझं कशाला?"

"दर सोमवारी तुम्ही याच्यावरच स्वतःचं बीपी मोजत होतात. यादीत स्वतःचं नाव लिहायला विसरलात, आणि नव्या यंत्रावर मोजलंही नाहीत."

सर लहान मुलासारखे निमूट बसले. माझा निळा पट्टा त्यांच्या दंडाभोवती आवळला. अकरा वर्षं ज्यांच्या हातात वावरलो, त्यांचं हृदय मी ऐकत होतो. काटा थांबला. एकशे अठ्ठावन्न. गोड बोलून तो खाली आणणं माझ्या हातात नव्हतं, आणि मला तसं करायचंही नव्हतं. त्या दिवशी डॉ. नंदिनींनी आपल्या नवऱ्याचा केसपेपर काढला. क्षिप्राताईंनी यादीच्या तळाशी दोनशे पंधरावं नाव लिहिलं, त्याच्यापुढे खूण केली आणि मगच प्रमाणपत्राच्या कागदावर सही केली.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझी भावंडं असतील. आजीचं बीपी मोजणारी, बाळाचं वजन करणारी, ताप बघणारी. ती तुमच्या हातून पडली तर घाबरू नका, पण लपवूही नका. लगेच कुणाला तरी सांगा. आमच्या पाठीवरची तारीख वाचत जा. ती उलटून गेली असेल, तर मी कितीही ठामपणे आकडा दाखवला तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका.