एकोणिसाव्या घराचा कौल

शुक्रवार म्हणजे मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीचा सुट्टीचा वार. यंत्रं बंद, ऑफिस बंद. तरी २००४ सालच्या श्रावणापासून दर शुक्रवारी सकाळी आमच्या खोक्यांच्या कारखान्यात चपलांचा ढीग पडू लागला. किन्हवलीकडून पहिल्या एसटीने बाया यायच्या, आसपासच्या वाड्यांतून म्हातारे यायचे. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या पदरात तांदूळ. ऑफिसच्या व्हरांड्यात दाटीवाटीने बसून सगळे एका काचेच्या कपाटाकडे डोळे लावायचे. कपाटात देव होता म्हणावं तर ती होती एक काळी पेटी. पेटीला चोवीस भोकं, भोकांत चोवीस वायरी आणि वर चोवीस हिरवे दिवे.

तो आमच्या ऑफिसच्या नेटवर्कचा स्विच होता. सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी त्याच्यात येऊन मिळतात आणि एकाचा निरोप तो दुसऱ्याला नेमका पोचवतो, एवढंच त्याचं काम. त्याच्याआधी एक स्वस्तातला डबा होता, तो दुपार झाली की मान टाकायचा. मग बिलं छापेनात, ट्रक फाटकावर उभे, ड्रायव्हर आमच्या नावाने शिमगा करायचे, आणि बिलिंगची सारिका एकदा चक्क रडली होती. शेखरने सहा महिने मालकांचा पिच्छा पुरवून हा मोठा स्विच आणवला, आणि त्यानंतर वर्षभर काम एकदाही अडलं नाही. दसऱ्याला सारिकाने त्याला कुंकू लावलं तेव्हा आम्ही हसलो. बिनतक्रार चालणाऱ्या यंत्राचा आपल्याकडे देव व्हायला वेळ लागत नाही, हे तेव्हा ध्यानात यायला हवं होतं.

शेखर किन्हवलीचा. ऑफिसातली वायर न् वायर त्याने स्वतः ओढलेली. प्रत्येक दिव्याखाली त्याने कागदाची पट्टी चिकटवून ज्याचा कॉम्प्युटर त्याचं नाव लिहिलं होतं. पाचव्या दिव्याखाली मी, ज्ञानेश्वर, माल रवाना करणारा कारकून. एकोणिसाव्या दिव्याखाली तो स्वतः. जूनमध्ये पाळी सुटल्यावर मोटरसायकलने घरी जाताना सरळगावच्या फाट्यावर त्याला ट्रकने उडवलं. वय सव्वीस, लग्नाला अकरा महिने झाले होते.

तेराव्याला मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई गिरजामावशी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पोटात अन्न जात नव्हतं, कुणाचं ऐकत नव्हती. मला काहीतरी बोलायचं होतं आणि सुचत काहीच नव्हतं. त्याच सकाळी मी ऑफिसात एक गोष्ट पाहिली होती. शेखरचा कॉम्प्युटर आठवड्यापूर्वीच उचलून गोदामात नेलेला, तरी त्याच्या नावावरचा दिवा जळत होता. तेच मी बोलून गेलो.

“मावशी, त्याचा दिवा अजून चालू आहे.”

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग वरण-भाताचे दोन घास खाल्ले. मला वाटलं, आज आपल्या हातून एक चांगलं काम झालं. दिवा का चालू आहे, हे मी कुणालाच विचारलं नाही. स्वतःलासुद्धा नाही.

पुढच्या शुक्रवारी मावशी दिवा बघायला फाटकावर येऊन उभी राहिली. फाटकावरचा वॉचमन मनोज. मनोजचा मामा सावळाराम भगत. हा सावळाराम नारळाला तांदळाचे दाणे चिकटवून देवाला प्रश्न विचारायचा. उजवा दाणा पडला तर हो, डावा पडला तर नाही. आमच्याकडे याला कौल लावणं म्हणतात. भाच्याकडून त्याला दिव्याची खबर लागली, आणि दोन आठवड्यांत नारळ मागे पडून कौल पेटीला लागू लागला. मुलुंडला राहणाऱ्या मालकांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, नेटवर्क बंद पडत नाही ना, मग करू देत पूजा.

शुक्रवारी सगळे कॉम्प्युटर बंद, म्हणून सगळे दिवे विझलेले. सर्व्हरचा, म्हणजे सगळ्या नोंदी साठवणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरचा, एक दिवा तेवढा दिवसरात्र लुकलुकायचा, त्याच्याकडे कुणी बघत नसे. बघायचे ते एकोणिसाव्याकडे. तो स्थिर जळत असायचा. सावळाराम कपाळभर गुलाल फासून हातातली पितळी घंटा वाजवायचा आणि सुरू व्हायचा, “चोवीस घरांच्या राजा, जागा हो! पहिल्या घरी मालक, दुसऱ्या घरी मॅनेजर, एकोणिसाव्या घरी आमचा शेखर! वायरीच्या वाटेनं ये, करंटाच्या घोड्यावर ये!” याला करंटाचा ‘क’ ठाऊक नव्हता. घरातला बल्ब गेला तर हा शेजाऱ्याला हाक मारायचा.

मग प्रश्न. दिवा लुकलुकला तर उजवा कौल, नुसता जळत राहिला तर डावा. आणि तो लुकलुकायचा! घंटा घणघणली की पाच-दहा श्वासांत दिवा फडफडायचा, आणि बायांच्या तोंडून एकदम ‘अगो बाई’ निघायचं. कुणी हरवलेली म्हैस विचारायचं, कुणी पोरीचं स्थळ. मावशीचा प्रश्न मात्र दर वेळी एकच असायचा.

“जेवलास का रे?”

दिवा लुकलुकला की ती पदराने डोळे पुसायची आणि बाजूला होऊन दुसऱ्याला जागा द्यायची. सावळारामच्या बडबडीला मी मनातल्या मनात खूप हसलो, पण या प्रश्नाला मला कधी हसू आलं नाही. आणि तोंड उघडायचं धाडसही झालं नाही. ती जेवत होती ना आता. चार महिने मी हेच स्वतःला सांगत राहिलो.

दिवाळीनंतर सावळारामने शेखरला एक वेगळाच प्रश्न विचारला. तुझी बायको वैष्णवी मनोजच्या पदरात घालू का? घंटा घणघणली आणि दिवा लुकलुकला. व्हरांड्यातल्या सगळ्यांनी हात जोडले. पुढच्या शुक्रवारी हळदीची तारीख विचारायची ठरली.

सोमवारी वैष्णवी ऑफिसात माझ्या टेबलाशी आली. एकवीस वर्षांची पोर, बारावी झालेली, नर्सिंगला जायचं म्हणून शेखरने तिच्यासाठी आणलेला फॉर्म अजून घरात होता. उभ्याउभ्याच तिने विचारलं, “भाऊजी, तुमी त्यांचे दोस्त. खरं सांगा, त्या दिव्यात ते हायेत का?”

मी म्हणालो, बघतो. असलं उत्तर दिल्याची मला आजही लाज वाटते.

“मला मनोजसंगं संसार नाय करायचा,” ती म्हणाली. “पन ते हो म्हनाले असतील तर करीन. त्यांचा शब्द मी कदी मोडला नाय.”

त्याच दुपारी सारिका हातात कागद घेऊन धावत आली. तिने पहिल्यांदाच सुट्टीच्या दिवसांसकट महिन्याची हजेरी छापली होती. आमच्याकडे कामगार फाटकावरच्या पंचिंग मशीनवर कार्ड धरतात, त्याची नोंद सर्व्हरवर जाते. त्या यादीत कार्ड नंबर एक्केचाळीस दर शुक्रवारी हजर होतं. एक्केचाळीस म्हणजे शेखर.

तिच्या लेखी चमत्कार दुप्पट झाला होता. मी मात्र वेळा वाचल्या. दहा बावन्न, दहा त्रेपन्न, दहा सत्तावन्न. त्या वेळी व्हरांड्यात घंटा घणघणत असते. माणूस मेल्यावर परत येणार, तर दर आठवड्याला सुट्टीच्याच दिवशी येऊन पाच मिनिटांत जाणार? आणि भुताला कार्ड लागतं?

मी कपाट उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एकोणिसावी वायर हातात धरली. ती धरूनच चालत सुटलो. भिंतीवरून, कँटीनच्या मागून, पाइपातून जमिनीखाली, ती थेट फाटकाच्या केबिनमध्ये निघाली. दुसरं टोक पंचिंग मशीनमध्ये होतं. परत येऊन साडेतीनला कपाटासमोर उभा राहिलो. पाळी सुटली, दोनशे माणसं एकामागून एक कार्ड धरू लागली, आणि शेखरचा दिवा एकसारखा लुकलुकत धावत होता. रोज साडेतीनला तो असाच धावत असणार. तेव्हा सगळे दिवे चालू असतात, म्हणून कुणाच्या नजरेत आलं नाही.

मग त्याच्या नावाखाली ही वायर कशी? तेही आठवत गेलं. पंचिंग मशीन आलं मे महिन्यात. पेटीची चोवीस भोकं तेव्हा भरलेली. मशीन येईपर्यंत हजेरीबाबू वहीत वेळ लिहायचा आणि दोन मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापायचा. शेखरला त्याची फार चीड होती. त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरची वायर काढून ते भोक मशीनला दिलं होतं. फाटकापर्यंतची वायर ओढताना मनोज त्याच्या मदतीला होता. नावाची पट्टी बदलायची राहून गेली. आणि म्हणूनच शेवटचा महिनाभर तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहायचा, “पाच मिनिटं ऊठ ना रे, एक काम करतो.” मी खेकसायचो, तुला तुझा कॉम्प्युटर नाही का? तो नुसता हसायचा. हे सगळं मला त्या कपाटासमोर उभं असताना आठवलं.

शुक्रवारी मी व्हरांड्यात गेलोच नाही, केबिनमध्ये मनोजशेजारी जाऊन बसलो. आतून सावळारामची ललकारी ऐकू आली. घंटेचा नुसता एक ठोका पडला तर मनोज हलत नव्हता. घणघणाट झाला तसा त्याचा हात खिशात गेला आणि कार्ड घेऊन मशीनकडे वळला. मी मनगट धरलं. कार्डावर एक्केचाळीस नंबर होता आणि शेखरचा फोटो; तो गेल्यावर ते फाटकावरच जमा झालं होतं. आत घंटा पुन्हा घणघणली, मग पुन्हा, मग बराच वेळ. मनोज माझ्याकडे बघेना. “मामानं सांगितलं म्हनून,” एवढंच तो पुटपुटला.

मी त्याला घेऊन आत गेलो. दिवा स्थिर जळत होता आणि सावळारामच्या गुलालातून घाम ओघळत होता. कुणाचा तरी विटाळ झाला, असं तो लोकांना सांगत होता. मी वाद घातला नाही. कार्ड वैष्णवीच्या हातात दिलं आणि म्हणालो, फाटकावर जा, मशीनवर हे धरा, मग थोडं थांबून पुन्हा धरा. बाकीच्यांनी दिव्याकडे बघा.

ती गेली. दिवा लुकलुकला. थांबला. पुन्हा लुकलुकला. घंटा सावळारामच्या हातात गप्प होती. मग मी वायर कुठून कुठे जाते ते सांगितलं, हजेरीचा कागद दाखवला, एक ठोका आणि घणघणाट यांतला फरक सांगितला. दोन माणसं उठून फाटकावर गेली, स्वतः कार्ड धरून आली आणि माना खाली घालून बसली. सावळाराम मागच्या मागे कधी निघून गेला ते कळलं नाही.

गिरजामावशी कपाटासमोरून हलली नव्हती.

“मंजे तो नव्हता रे?”

“नव्हता, मावशी.”

“येकदापन नाय? मी जेवलास का इचारलं तवा?”

“एकदापण नाही.”

तिने काचेवर हात ठेवला. मग म्हणाली, “मंग तू का म्हनालास, त्याचा दिवा चालू हाय म्हनून? ज्ञानू, मी तुज्या शब्दावर आलते.”

शेखरने आपली जागा मशीनला कशी दिली ते मी सांगू लागलो, पण ते ऐकायच्या स्थितीत ती नव्हती. वैष्णवीने तिला दंडाला धरून एसटीवर नेलं. एका बाईला मुलगा दोनदा गमवावा लागला, आणि दुसऱ्या वेळी त्यात सावळारामइतकाच माझाही हात होता.

मनोजने नोकरी सोडली. वैष्णवीने फॉर्म भरला, नर्स झाली, आज शहापुरात काम करते. मावशी माझ्याशी चार वर्षं बोलली नाही.

लोक मला म्हणतात, भगताला चांगलं उघडं पाडलंस. मला त्यात मोठेपणा वाटत नाही. भगताने ठिणगी आणली नव्हती, ती मीच त्या घरात नेऊन ठेवली होती. म्हणून सांगतो, भगत-बाबांना जाब विचाराच, पण आधी आपल्या जिभेला विचारा. दिवा लागला तर तो का लागला हे वायर धरून बघा, मगच दुसऱ्याला सांगा. दुःखातल्या माणसाला काय बोलावं सुचत नसेल तर त्याच्याजवळ गप्प बसा. त्याचं समाधान व्हावं म्हणून न पारखलेली गोष्ट त्याच्या हातात देऊ नका, कारण तो ती घट्ट धरतो, आणि मग तिच्याच दोरीने त्याला कुणीही ओढत नेतं.

२००८च्या मार्गशीर्षात मी किन्हवलीच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. मावशी भाजीची पिशवी घेऊन बाकावर शेजारी येऊन बसली. फार थकली होती. रस्त्याकडे बघतच तिने विचारलं, “अजून लुकलुकतो का रे तो?”

“हो, मावशी. साडेतीनला. पाळी सुटते तेव्हा.”

“मंजे लोकं घरला निगतात.”

“हो.”

तिने पिशवी मांडीवर घेतली. “जाऊ देत,” ती म्हणाली. “सगळी नीट घरला पोचू देत.”