जपून ठेवलेल्या बांगड्या

रविवारी सकाळी भोसरीच्या त्या दोन खोल्यांत पोहे झाले, ते वर्षालीच्या सासरच्या माणसांसाठी. माणसं येणार होती संसार मोडायला. पण मोडायला येणारा पाहुणाही शेवटी पाहुणाच, म्हणून पोह्यांवर खोबरं घालावं की नाही याचा तिच्या आईने, गिरजाबाईंनी, बराच वेळ विचार केला आणि मग घातलं. शेव मात्र नाही घातली. निषेध कुठेतरी नोंदवायलाच हवा होता.

वर्षाली कांदा चिरत होती. डोळ्यांना पाणी येत नव्हतं. माहेरी येऊन बसल्यापासून तिला फारसं काहीच येत नव्हतं, राग नाही, रडू नाही, झोप तेवढी वेळी-अवेळी. चाकणच्या कंपनीत मात्र ती एकही शिफ्ट न चुकवता जायची. गाड्यांच्या वायरींचे जुडगे समोर यायचे, ती तपासायची, चांगल्यावर ‘ओके’चा शिक्का, वाईटावर लाल पट्टी. तिथे तिला कुणी ‘तुला काय वाटतं’ असं विचारायचं नाही, त्यामुळे बरं चाललं होतं.

“माय, आज डोकं शांत ठेव,” तिचा बाप कोंडीराम तिला म्हणाला. मराठवाड्यातून येऊन त्याने सारा जन्म लेथवर काढला होता, त्यामुळे शांत शब्दही तो मशीनच्या वर ऐकू जाईल इतक्या जोरात बोलायचा. “कागदावर सही कर अन् मोकळी व्हय. बांगड्यांचं काय, पुन्हा होतील.”

चार बांगड्या. लग्नाआधी वर्षालीने ओव्हरटाइम करकरून भोसरीच्या सराफाकडून केल्या होत्या. बापाने दिलेल्या नव्हत्या, सासऱ्याने घातलेल्या नव्हत्या. दिवाळीत कंपनीतली सगळी लाइन सुट्टीवर असताना ती एकटी थांबली होती, त्यातली एक बांगडी त्या दिवाळीची.

तिचं लग्न तळेगावात झालं. ऐरणीदानाच्या वेळी कोंडीरामने दिव्याची टोपली व्याह्यांच्या डोक्यावर धरली आणि गहिवरून म्हणाला, “इतके दिवस आमी सांभाळली, आता तुमच्या पदरात घातली.” त्याच क्षणी टोपलीतल्या दिव्याची वात विहीणबाईंच्या पदराला लागता लागता राहिली. व्हिडिओवाल्याने सगळ्यांना पुन्हा उभं केलं आणि म्हणाला, “काका, तेच परत म्हणा, रडून.” कोंडीराम परत रडला. अशा रीतीने त्याने मुलगी दोनदा सोपवली.

सत्यनारायणाच्या दिवशी सासूने, सुभद्राबाईंनी, भरल्या घरात पदर पसरला. “काढ गं बाई. कंपनीत जाताना कुठं सोनं मिरवतीस? मी ठेवते जपून.” वर्षालीने चारही बांगड्या काढून पदरात टाकल्या. सगळ्याच सुना टाकतात. टाकल्या नाहीत तर सून बेरकी, आणि टाकून परत मागितल्या तर घर फोडणारी. मधला रस्ता असा की मागायच्याच नाहीत.

तिने एकदाच मागितल्या. नणंदेच्या, करिष्माच्या, लग्नात घालायला. “आहेत ना जपून,” सासू म्हणाली. मांडवात त्या करिष्माच्या हातात दिसल्या. वर्षाली तिथेच, पंगतीत वाढता वाढता, “त्या माझ्या आहेत” असं म्हणाली. आठवड्याभरात नवऱ्याने, जयदीपने, तिला बॅगेसकट भोसरीत आणून सोडलं.

बैठकीला चौघे आले. सुभद्राबाई, सासरे लक्ष्मणराव, मोबाइलमध्ये बघत बसलेला जयदीप आणि मध्यस्थी करायला जयदीपचा मामा दिग्विजय. याचा फोटो तळेगावात दर खांबावर हात जोडून उभा असायचा. मोडणाऱ्या संसारांची भांडणं मिटवणं हे आपलं समाजकार्य, असं तो मानायचा, आणि कार्य दिसलं पाहिजे म्हणून प्रत्येक बैठकीचा व्हिडिओ लोकांना बघायला नेटवर टाकायचा. आल्या आल्या त्याने मोबाइल पाण्याच्या पिंपावर उभा करून चालू केला. “भावांनो, कॅमेऱ्याकडे बघू नका, नैसर्गिक बसा.”

इकडून कोंडीराम, गिरजाबाई आणि वर्षालीची शाळेतली मैत्रीण आम्रपाली. तिचे वडील कोंडीरामच्याच वर्कशॉपमध्ये होते. ती आता पिंपरीच्या कोर्टात वकिली करते.

आम्रपालीने वर्षालीला आधीच सांगून ठेवलं होतं. “नुसतं ‘परत देत नाहीत’ म्हणून विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा उभा राहत नाही. वस्तू तुझी होती, हे सराफाच्या पावतीवरून दाखवू. तू ती विश्वासाने त्यांच्या ताब्यात दिलीस, हे दाखवायचं. आणि त्यांनी ती बेइमानीने आपलीच समजून वापरली, हेही. बायका मधल्या पायरीवर अडकतात गं. सासूला सोनं देताना साक्षीदार कोण बोलावतं?”

“भरलं घर होतं,” वर्षाली म्हणाली होती.

“त्यांचं घर. त्यांचे पाहुणे. त्यातलं एक माणूस येईल का कोर्टात?”

वर्षालीने एकेक चेहरा आठवून पाहिला होता. सगळ्यांवर लाल पट्टी.

दिग्विजयने कागद पुढे केला. संमतीने घटस्फोट, आणि खाली एक ओळ, ‘माझं सर्व स्त्रीधन मला मिळालं.’

“कर बेटा सही,” तो म्हणाला. “पोहे एक नंबर झालेत.”

वर्षालीने पेन घेतलं, ओळ वाचली आणि पेन खाली ठेवलं. “मिळालं नाही.”

“अगं, ही लिहायची पद्धत असते.”

“आमच्याकडे जी वस्तू टेबलावर आलीच नाही, तिच्यावर ओकेचा शिक्का मारत नाहीत. टेबलावर आणा, मारते.”

“कसल्या बांगड्या?” लक्ष्मणराव छताकडे बघत म्हणाले. “आमी न्हाई पाहिल्या.”

“तिनेच नेल्या असतील,” जयदीप मोबाइलमधून म्हणाला.

कोंडीराम मान खाली घालून, “जाऊ द्या पाव्हणं, मिटवा,” असं पुटपुटला. तेवढ्यात गिरजाबाई स्वयंपाकघराच्या दारातून कडाडल्या, “न्हाई कशा पाहिल्या? लेकीच्या अंगावर घालायला घरात गुंजभर सोनं नव्हतं, तवा माझ्या पोरीच्या बांगड्या घालून उभी केली की मांडवात!”

लेकीच्या अंगावर सोनं नव्हतं, हे सुभद्राबाईंना सोसलं नाही. चोरी म्हटली असती तर त्या गप्प बसल्या असत्या, पण ही गरिबी होती.

“आमच्या घरात सोनं न्हाई?” त्या ताडकन उभ्या राहिल्या. “व्हय, हिच्याच बांगड्या! हिनंच सत्यनारायणाला साऱ्या भावकीसमोर माज्या पदरात घातल्या, जपायला. मी जपल्या. मंग करिष्माला दिल्या. घरातल्याच घरात दिल्या, त्यात काय चोरी हाय? सुनंचं सोनं म्हंजी घराचंच असतंय!”

आम्रपाली हळूच म्हणाली, “मग काकू, आता परत द्या.”

“न्हाई देत! दिली वस्तू कुणी परत मागतं व्हय?” म्हणून त्या थांबल्या. चेहरा उतरला. “अन् द्यायच्या कुठनं? मारुंजीच्या त्या बयेनं, करिष्माच्या सासूनं, घेतल्यात. म्हणली, मी ठेवते जपून. आता मागितल्या तर म्हणते, कसल्या बांगड्या.” आणि सुभद्राबाई रडायला लागल्या. “माज्या पोरीनं इस्वासानं दिल्या ओ! काय दिवस आलं, लोकांना इस्वासाची चाडच राहिली न्हाई!”

वर्षालीने त्यांच्याकडे पाहिलं. आपल्याला हसू यायला हवं असं तिला वाटलं. आलं नाही. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

“मामा,” आम्रपाली म्हणाली, “तो व्हिडिओ आहे तसा राहू द्या हं. खोडू नका.”

दिग्विजयने पिंपाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपलं समाजकार्य कुणी बघू नये असं वाटलं. पण ते थेट प्रक्षेपण होतं आणि खाली प्रतिक्रियांत लोकांनी हात जोडलेले होते.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात फौजदार तेजस्विनीबाईंनी तक्रार लिहून घ्यायला घेतली. वस्तू कुणाची, कुणाच्या हाती दिली, का दिली, मग काय झालं. वर्षाली सांगत होती, दुसऱ्या कुणाचं सांगावं तशी.

तेवढ्यात दारात करिष्मा आली. एकटी, मारुंजीहून रिक्षा बदलत, हातात बॅग. व्हिडिओ तिने पाहिला होता.

“बांगड्या वहिनींच्या आहेत,” ती उभ्यानेच म्हणाली. “मला लग्नातच माहीत होतं. वहिनी पंगतीत बोलल्या तेव्हा मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं, कारण हातात छान दिसत होत्या. आता माझ्या सासूने नेल्या. मी दोन्ही सांगते. आईविरुद्धही सांगते.”

“आईविरुद्ध साक्ष द्यायला पुन्हा पुन्हा यावं लागेल,” तेजस्विनीबाई म्हणाल्या.

“येते. नाहीतर उद्या त्या बांगड्या माझ्या नणंदेच्या हातात दिसतील. तिचंही ठरतंय.”

वर्षाली बाकावर थोडी सरकली. करिष्मा शेजारी बसली.

तक्रार वाचून झाली. सही करायच्या आधी वर्षालीने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली, आणि मग केली. कोंडीराम इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला.

“मॅडम, एक राहिलं लिहायचं.”

“काय?”

“आमी पोरगी पण सोपवली व्हती. साऱ्यांसमोर, दिवा लावून. व्हिडिओ हाय त्याचा. दोनदा हाय. तिला मारली, उपाशी ठेवली, बॅगेसंगट आणून टाकली. त्याचं बी ह्याच कलमात लिवा.”

तेजस्विनीबाईंनी पेन खाली ठेवलं. “काका, छळाचं कलम वेगळं आहे, ते तिने सांगितलं तर मी आत्ता लिहिते. पण विश्वासघाताचं हे कलम फक्त मालमत्तेला लागतं. मुलगी मालमत्ता नसते. ती कुणाला सोपवता येत नाही.”

वर पंखा फिरत होता, वारा कुणालाच लागत नव्हता.

“मंग,” कोंडीराम म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज इतका हळू होता की वर्षालीला पुढे वाकावं लागलं, “त्या दिवशी डोक्यावर टोपली धरून मी काय दिलं?”

वर्षालीने कोरा कागद तेजस्विनीबाईंपुढे सरकवला आणि म्हणाली, “मॅडम, छळाचं लिहा. मी सांगते.”

सांगायला तोंड उघडलं आणि तेव्हा, कांद्याशिवाय, तिच्या डोळ्यांना पाणी आलं.