पान चोपन्न

मी बोलतेय. माझ्या मुखपृष्ठावर 'लाउड लिपस्टिक' असं नाव छापलंय, त्याला माझा इलाज नाही. मला तरुण मुलींचं संगीत-मासिक म्हणतात. मासिक दर महिन्याला निघतं, मी आयुष्यात एकदाच निघाले. आणि पानं किती? चार. एक मुखपृष्ठ, एक अनुक्रमणिका आणि एका मुलाखतीची जोडपानं. अनुक्रमणिकेत मात्र अठ्ठ्याहत्तर पानांची यादी आहे. उरलेली चौऱ्याहत्तर पानं कुठं गेली, असं विचारू नका. ती कधी नव्हतीच. परीक्षेला चारच मागतात.

इंग्लंडातल्या थॉर्नक्लफच्या कॉलेजात प्रसारमाध्यमं हा विषय घेतलेली मुलं दर वर्षी असली मासिकं काढतात. आधी पाहणी, मग मासिक, आणि शेवटी मूल्यमापन, म्हणजे आपल्याच कामावर सात प्रश्न आणि त्यांची आपणच लिहिलेली उत्तरं. माझ्याबरोबर त्या वसंतात एकवीस मासिकं जन्मली. त्यातल्या अठरांच्या मुखपृष्ठावर लेदरचं जाकीट घातलेलं कुणीतरी भिंतीला टेकून उभं होतं, आणि जाकीट बहुतेक एकच होतं.

माझी जन्मदाती हॉली अक्रॉयड. वय सतरा, अक्षर सुरेख, आणि स्वतःच्या हुशारीवर भलताच विश्वास. पाहणीसाठी तिनं बारा प्रश्नपत्रकं काढली आणि कॅन्टीनच्या रांगेत वाटली. पाच परत आली, त्यातल्या एकावर ग्रेव्ही सांडलेली होती. राहिलेली सात हॉलीनं स्वतःच भरली, सात वेगवेगळ्या पेनांनी. पेन बदललं की माणूस बदलतो असा तिचा समज असावा.

प्रश्नही पाहण्यासारखे होते. 'तुम्हाला कोणता रंग आवडतो? गुलाबी, फिका गुलाबी, गडद गुलाबी, इतर.' मग मी गुलाबी झाले. 'कोणतं संगीत ऐकता?' याखाली सहा प्रकार दिले होते, सहाही रेडिओवरचे. एवढ्या भांडवलावर हॉलीनं एक आदर्श वाचक घडवली. तिचं नाव ग्रेस, वय सतरा, आवडती गोष्ट खरेदी. जुन्या मासिकांतून कापलेले डोळे, बूट आणि कॉफीचा पेला चिकटवून ग्रेसचं चित्र तयार झालं. ही ग्रेस कुणी पाहिलेली नाही, पण माझ्यातला शब्दन् शब्द तिला विचारून ठरायचा. ग्रेसला हे आवडेल, ग्रेसला ते चालणार नाही. घरात सासू असावी तशी ती माझ्या डोक्यावर बसली होती.

माझ्या पाठीवरचा बारकोड तर बिस्किटांच्या पुड्यावरून उचललाय. दुकानात नेलं असतं तर यंत्रानं मला कस्टर्ड क्रीम बिस्किटं म्हणून विकलं असतं, आणि निदान कुणी आनंदानं घेतलं तरी असतं.

मुखपृष्ठासाठी चेहरा हवा होता. हॉलीची लहानपणापासूनची मैत्रीण विनी सटक्लिफ. उंच, गालावर कायम लाली, आणि थॉर्नक्लफच्या खाणकामगारांच्या ब्रास बँडमध्ये टेनर हॉर्न वाजवणारी. विनीच्या जन्माआधीच खाण बंद झाली, बँड तेवढा राहिला. तिचे आजोबा आर्थर त्याचे कारभारी. व्यायामशाळेच्या पांढऱ्या भिंतीपाशी हॉलीनं विनीला उभं केलं, अंगावर ते जाकीट चढवलं आणि हातात संगीताच्या खोलीतली, एक तार तुटलेली गिटार दिली.

"हे धरायचं कसं गं?" विनीनं विचारलं.

"कसंही धर. वाजवायचं थोडंच आहे!"

"आणि तुझ्या कागदावर लिहिलीय ती रॉक्सी रेन कोण?"

"तूच. विनी काय नाव झालं? एखाद्या पणजीचं वाटतं."

"पणजीचंच आहे."

"तेच म्हणतेय मी."

विनी हसली. मग हसता हसता म्हणाली, "राहते उभी, पण एका अटीवर. आमच्या बँडबद्दल अर्धं पान घालायचं. एकोणीस जण उरलेत हॉली, त्यातले अकरा सत्तरीपुढचे. सप्टेंबरपर्यंत चार तरी नवीन आले नाहीत, तर आजोबा बँडच्या खोलीला कुलूप लावणार आहेत. नुसतं लिही, की मंगळवारी सात वाजता या, काही येत नसलं तरी चालेल, वाद्य आम्ही देतो."

"एवढंच ना? दिलं. निळी चौकट करते तुझ्यासाठी, मस्तपैकी."

आणि केलीही, हे मान्य करायला हवं. दोन दिवस ती निळी चौकट माझ्या चौथ्या पानावर होती. माझ्या अंगावर खरं असं तेवढंच होतं. मग हॉलीनं पाहणीचे आकडे काढले आणि तिच्या लक्षात आलं की ब्रास बँड आवडणाऱ्या मुली शून्य टक्के. आता यादीतल्या सहा प्रकारांत ब्रास बँड नव्हताच, मग त्याच्यापुढं खूण कोण करणार? पण शून्य हा आकडा वहीत फार रुबाबदार दिसतो. चौकट गेली. तिच्या जागी 'रॉक्सीच्या पर्समधल्या पाच लिपस्टिका' आल्या. विनीच्या पर्समध्ये बसचा पास आणि हॉर्नच्या कळांना लावायचं तेल असायचं.

त्यातून फोटोही आरशातल्यासारखा उलटा केला, कारण डावीकडं अक्षरांना जागा हवी होती. त्यामुळं रॉक्सी रेन डावखुरी झाली. मुलाखतीत तिच्या तोंडी असं घातलं, की 'मी माझ्या अटींवर जगते.' खऱ्या मुलीची एकुलती एक अट त्याच मुलाखतीच्या पानावरून कचऱ्यात गेली होती, तिथं ही वाघीण अटींवर जगत होती.

छपाईला दहा मिनिटं राहिली असताना दिसलं, की अनुक्रमणिकेचा एक रकाना तीन ओळींनी आखूड पडतोय. हॉलीनं पटापट तीन लेख शोधून काढले. एकात केसांची निगा होती, दुसऱ्यात राशी. तिसऱ्याला ती जरा थांबली. चौकटीची टोचणी असेल बहुधा. तिनं लिहिलं, 'पान ५४ : आजोबांच्या बँडमधली एकुलती एक मुलगी'. तेवढ्यावर विनी खूश होईल असं तिला वाटलं. मग मला पिना मारल्या. मूल्यमापनही तिनं त्याच दुपारी लिहून टाकलं. मला कुणी वाचण्याआधीच त्यात लिहिलं होतं, 'वाचकांनी मुखपृष्ठाचं विशेष कौतुक केलं.'

हा विषय शिकवणाऱ्या थ्वेट सरांचं डोकं मात्र ठिकाणावर होतं. त्यांनी प्रश्नपत्रकं चाळली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"हॉली, या सात जणींचं शिक्षण एकाच बाईंकडं झालेलं दिसतंय."

"कसं काय, सर?"

"सातही जणी नऊचा आकडा सारखाच काढतात. शुक्रवारी तीनला काम द्यायचंय. उद्या खालच्या वर्गातल्या तीन मुली बोलावतो. त्यांच्यासमोर ठेव आणि त्या काय म्हणतात ते लिहून घे. खरोखरीच्या मुली, बरं का."

गुरुवारी त्या आल्या. पॉपी, लॉरेन आणि सुमैया. पहिल्या दोघी हळू आवाजात बोलणाऱ्या, आणि सुमैया हिजाबच्या टोकाशी चाळा करत सरळ मुद्द्यावर येणारी. विनीही आली होती, मला पहिल्यांदाच पाहायला. हॉलीनं मला टेबलावर असं ठेवलं, जणू बारशाचं बाळच आहे.

पॉपीनं मुखपृष्ठ पाहिलं. "छान आहे," ती म्हणाली. लग्नात न आवडलेल्या जेवणाला म्हणतात ना, तसं.

"हिनं गिटार अशी का धरलीय? कुणाचं तरी बाळ सांभाळायला दिल्यासारखी?" लॉरेननं विचारलं.

विनीच्या गालावरची लाली कानापर्यंत गेली. सुमैयानं अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं, थांबली आणि मला उलटंपालटं केलं.

"पान चोपन्न कुठाय?"

"ते... नाहीये," हॉली म्हणाली. "म्हणजे अनुक्रमणिका नमुन्यादाखल असते."

"नाहीये? मग लिहिलंय कशाला? मला तेवढंच वाचायचं होतं."

"मलापण," पॉपी म्हणाली. "खरंच आहे का अशी मुलगी? आपल्या इथल्या बँडमधली?"

"मुली घेतात तिथं?" सुमैयानं विचारलं. "आणि आधीपासून काही येत असावं लागतं का?"

हॉली आपली कागदावर पेन टेकवून बसली होती. विनीनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि माझं चौथं पान उघडून पाच लिपस्टिका सावकाश वाचल्या.

"काही येत नसलं तरी चालतं," ती सुमैयाला म्हणाली. "मंगळवारी, सात वाजता."

"तुला कसं ठाऊक?" सुमैयानं मुखपृष्ठ तिच्या चेहऱ्याशेजारी धरलं. "ए, ही तूच ना?"

"छे, ती रॉक्सी," विनी म्हणाली आणि दप्तर उचलून बाहेर पडली.

हॉली मला हातात घेऊनच तिच्यामागं धावली, म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं.

"विनी, थांब ना! अगं, मी घालणार होते. शून्य टक्के आलं गं!"

"यादीत ठेवलं होतंस?"

हॉलीनं मला पाठीमागं लपवलं.

"ठेवलं होतंस का, ते सांग."

"नाही."

"मग शून्य कुणाचं? त्या मुलींचं की तुझं?" विनीचा आवाज चिरकला. "नाव बदललंस, हसले. गिटार दिलीस, धरली. एक गोष्ट मागितली होती मी. आजोबांना सांगून ठेवलंय, हॉली छापणारेय म्हणून. ते रोज विचारतात. काय दाखवू त्यांना? लिपस्टिका?"

ती गेली. हॉली कपाटांच्या रांगेपाशी उभी राहून रडली. माझ्या गुलाबी पाठीवर दोन डाग पडले, ते अजून आहेत. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू? वीस पानांची फाइल भरून मुलींची आवडनिवड शोधत होती, आणि शेजारी उभ्या मुलीला काय हवंय ते तिला दिसलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती थ्वेट सरांपुढं उभी राहिली. "सर, एक पान वाढवू?"

"पाचव्या पानाला गुण नाहीत. आणि मासिक आता बदलता येणार नाही. मूल्यमापन मात्र तीन वाजेपर्यंत तुझ्या हातात आहे."

"खरं लिहिलं तर गुण जातील?"

"तू काय केलंस ते तुलाच ठाऊक. गुण जाण्यासारखं केलं असशील तर जातील."

तिला वरची श्रेणी हवी होती, पुढच्या प्रवेशासाठी. मला खात्री होती, ही ढिम्म हलायची नाही. हॉलीची जात मी चांगली ओळखते, तिनंच मला घडवलंय. जेवणाची अख्खी सुट्टी ती संगणकासमोर बसून राहिली. मग 'विशेष कौतुक' असलेला परिच्छेद तिनं खोडला आणि लिहिलं, 'सात प्रश्नपत्रकं मी स्वतः भरली. ब्रास बँड मी यादीत ठेवलाच नव्हता. माझ्या खऱ्या वाचकांना एकच पान वाचायचं होतं आणि ते मी छापलेलं नाही. माझ्या मैत्रिणीला दिलेला शब्द मी एका खोट्या आकड्यासाठी मोडला.' तीनला पाच मिनिटं असताना तिनं काम दिलं. इथं माझा अंदाज चुकला. मला चुकायला आवडत नाही, पण चुकला.

गुण आले शंभरात अठ्ठावन्न. लेदर जाकीटवाल्या दुसऱ्या एका मासिकाला एक्क्याऐंशी मिळाले. त्याच्या वाचकांनीही मुखपृष्ठाचं विशेष कौतुक केलं होतं म्हणे.

काम दिल्यानंतरच्या मंगळवारी हॉली बँडच्या खोलीवर गेली. आर्थर म्हातारा दारातच होता. "आलीस का? छापलं का गं आमचं?" त्यानं विचारलं. हॉलीनं मान खाली घालून सगळं सांगितलं. म्हातारा एवढंच म्हणाला, "बस मग. ऐक आधी, मग लिही." ती तीन मंगळवार नुसती ऐकत बसली, विनी तिच्याशी बोलत नसतानाही. मग तिनं पान चोपन्न लिहिलं. त्यात ग्रेस नव्हती, रॉक्सी नव्हती. विनी होती, हॉर्न होता आणि तो सरळ धरून काढलेला, न उलटवलेला फोटो होता. तपासणीहून मी परत आल्यावर हॉलीनं ते मला जोडलं आणि मला विनीसमोर ठेवलं.

विनीनं ते दोनदा वाचलं. "चोपन्न झालं," ती म्हणाली. "त्रेपन्न कुठाय?"

"लिहू?" हॉलीनं घाबरत विचारलं.

"गप बस," विनी म्हणाली, आणि तिनं खिशातलं पेन काढून माझ्या मुखपृष्ठावरच्या 'रॉक्सी रेन'वर काट मारली. वर लिहिलं, 'विनी सटक्लिफ, टेनर हॉर्न'.

आता मी बँडच्या खोलीतच असते, चहाच्या किटलीखाली. अंगावर गोल गोल डाग पडलेत. हवे होते चार, आले तीन. सुमैया, पॉपी आणि हॉली. लॉरेन दोनदा येऊन गेली. "नाताळापर्यंत बघू," आर्थर म्हणतो. हॉली कॉर्नेट शिकते. तिच्या कॉर्नेटमधून जे निघतं त्याला संगीत म्हणायला मी तयार नाही, आणि गुण देणारी मी असते तर अठ्ठावन्नही दिले नसते.

तुम्ही कधी इथं आलात आणि किटली उचलून मला चाळलंत, तर अनुक्रमणिकेत ती ओळ अजून दिसेल, 'पान ५४ : आजोबांच्या बँडमधली एकुलती एक मुलगी'. पान शोधाल, तर ते माझ्यात नाही. मला शिव्या देण्याआधी जरा मान वर करा. सुमैयानं ते माझ्यातून काढून दाराशेजारच्या फळ्यावर लावलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. मथळ्यातल्या 'एकुलती एक'वर तिनं काट मारली आहे.