दुलोचा उजवा हात

लिओनिदा पोलिसाविरुद्ध तक्रार करायला निघाली तीसुद्धा पुतोचा डबा घेऊनच. आता कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जायची सवयच नाही म्हटल्यावर बाई करणार काय? सकाळी तांदळाच्या पिठाचे गोडसर पुतो वाफवले, वर चीज किसलं, केळीच्या पानात गुंडाळले आणि चढली की नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर! पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं मंडळ तिथंच बसतं. टेबलामागच्या मिस आयलीननं डबा बघितला मात्र, खुर्चीसकट मागं सरकली.

"अहो नानाय, आईसारख्या तुम्ही, पण उचला ते आधी! लाच म्हणतील लोक!"

"लाच कसली गं? नाश्ता आहे. सकाळपासून काही खाल्लंयस का?"

"नाही, पण..."

"मग?"

शेवटी डबा बाहेरच्या बाकावर गेला, आणि तिथं ताटकळत बसलेल्यांची चंगळ झाली. मग मिस आयलीननं पेन उघडलं. "हं, कुणाविरुद्ध?"

"जेर्विन. बाजारातला आपला पोलिस."

"ओळखता त्याला?"

"ओळखते म्हणजे? मी निनांग आहे त्याची! बाप्तिस्म्याला माझ्याच हातात होता. डोक्यावर पाणी पडलं तसा असा काय किंचाळला, पाद्रीसुद्धा दचकला."

मिस आयलीनचं पेन तिथंच थांबलं. धर्ममाता आणि धर्मपुत्रावर तक्रार? असलं काही त्या टेबलावर कधी आलंच नव्हतं.

झालं होतं ते असं. लिओनिदाचा नवरा दुलो, म्हणजे जेर्विनचा निनोंग, धर्मपिता, बाजाराच्या स्टँडवर तीनचाकी चालवतो. जेर्विन लहानपणी त्याच्याच साइडकारमध्ये पाय हलवत शाळेत जायचा. तो मोठा झाला, पोलिस झाला, आणि बदली होऊन आपल्याच गावात आला. दुलो अख्ख्या स्टँडला सांगत सुटला, "माझा पोरगा आला!" मग एक दिवस जेर्विनचा नवा साहेब बाजार बघायला आला. जेर्विन पुढं आला नि गाड्या हटवायला लागला. दुलोनं मान वर केली, बघतो तर काय, इस्त्रीच्या वर्दीत आपलं पोर! झालं, त्याची छातीच फुगली, आणि सवयीनं उजवा हात गेला पुढं. म्हाताऱ्यानं हात पुढं केला की वाकायचं आणि तो कपाळाला लावायचा, मग तुम्ही मेयर असा नाहीतर कुणी. पण मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं, "पोलिसालाच आशीर्वाद देतोय रे दुलो!" मोठा साहेब बघत होता. जेर्विनचे कान लालभडक झाले. त्यानं तो हात झटकला आणि दुलोच्या कानाखाली खाडकन वाजवली. दुलोची टोपी उडाली ती थेट गटारात.

दुलोनं घरी येऊन सांगितलं, "दाराची चौकट लागली." कुठल्या दाराची, तेवढं नाही सांगितलं. दुपारपर्यंत लिओनिदाला अख्ख्या बाजारानं सांगितलं होतं.

तेव्हापासून दुलोचा उजवा हात खिशात गेला तो गेलाच. स्टँडवर जाणं बंद. अंगणात गाडी पुसत बसायचा, तेही डाव्या हातानं. रविवारी चर्चमधून गल्लीतली पोरं नेहमीसारखी रांगेनं आली, आशीर्वाद घ्यायला. दुलो म्हणाला, "नको रे बाळांनो, ग्रीस लागलंय हाताला." पोरं गेली. लिओनिदानं त्याचा हात खिशातून ओढून काढला. स्वच्छ होता हो! नखंसुद्धा स्वच्छ. तेव्हाच ठरलं तिचं.

तक्रार गेल्याचं गावभर झालं आणि दितास धावत आली. दितास म्हणजे जेर्विनची आई. बाप्तिस्म्यापासून दोघी एकमेकींना कुमारेच म्हणतात, सख्ख्या बहिणी फिक्या पडतील.

"कुमारे, डोकं फिरलं का तुझं? त्याचं प्रमोशन जाईल!"

"जाईल बहुतेक."

"वर्दी गेली म्हणजे? तुला काय, तू पुतो विकशील! माझं काय?"

"तू पण विक. पण तुझे फुगत नाहीत."

"थट्टा सुचतेय तुला! निनांग ना तू त्याची?"

"म्हणून तर!" लिओनिदानं पळी आपटली. "पाद्रीनं विचारलं होतं, पोर वाढवायला आईबापाला हात देणार का? तू बाळंतपणानं अर्धी झाली होतीस, भिंतीला टेकून उभी होतीस. 'देणार' कोण म्हणालं मोठ्यांदा?"

"अगं, पण तेव्हा वाटलं होतं, फार तर प्रार्थनेला दांडी मारेल."

दोघींना हसू आलं, आणि हसता हसताच दितास रडायला लागली. लिओनिदानं तिला जवळ घेतलं, नाक पुसलं. पण तक्रार मागं घेते असं काही म्हणाली नाही. दितास गेल्यावर मात्र ती पळी हातात धरून चुलीपाशीच बसून राहिली. जे पोर आपल्या हातात किंचाळलं, त्याचीच नोकरी आपण घालवतोय का? आणि नाही केलं, तर या म्हाताऱ्याचं काय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेर्विन आला. टी-शर्टमध्ये, मागच्या दारानं. दुलोसमोर वाकला. "निनोंग, चुकलं माझं. द्या ना हात."

दुलो विरघळलाच! हात खिशातून अर्धा बाहेर आला, लिओनिदाला दिसला. तेवढ्यात जेर्विन घाईघाईनं म्हणाला, "आणि निनांग, ते कागद तेवढे उद्या मागं घ्या, म्हणजे मिटलं."

हात परत खिशात.

"मारलंस कुठं रे?" लिओनिदानं विचारलं.

"स्टँडवर."

"मग माफी इथं चुलीपाशी का? मांजरासारखा मागच्या दारानं?"

"निनांग, साहेब म्हणतात, सांग की म्हाताऱ्यानं आधी हात उगारला. मला नाही तसलं बोलायचं. म्हणून तर म्हणतोय, मागं घ्या."

"आणि नाही घेतली तर बोलशील?"

लिओनिदानं ताट वाढलं, भात आणि तळलेला सुका मासा, त्याला आवडतो तसा कुरकुरीत. "जेव आधी. तक्रार आहे तिथंच राहील."

तो जेवला. मान खाली घालून, पण दोनदा भात घेऊन जेवला.

सुनावणीला गर्दी ही! बाकांवर सगळे तीनचाकीवाले, कोपऱ्यात दितास, दाराशी मोठा साहेब हाताची घडी घालून उभा. मधल्या खुर्चीवरच्या बाईंनी जेर्विनला विचारलं, "काय झालं त्या दिवशी?"

जेर्विन ताठ उभा राहिला. पाठ केल्यासारखा बोलला, "मॅडम, यांनी माझ्यावर हात..."

आणि त्याची नजर गेली दुलोकडं. शपथ घेतानासुद्धा दुलोनं डावाच हात वर केला होता, तेव्हा बाईंनी टोकलं होतं आणि बिचारा ओशाळला होता. आता उजवा पुन्हा खिशात, पँट फाटेल इतका घट्ट. लिओनिदानं ओठ दाबून धरले. ओरडावंसं वाटत होतं तिला, बोल की रे बाळा, खरं बोल!

"हात काय?" बाईंनी विचारलं.

"हात पुढं केला," जेर्विन म्हणाला.

"मारायला?"

"नाही." त्याचा आवाजच फुटला. "आशीर्वाद द्यायला. आणि मी मारलं. सगळे हसले, मला लाज वाटली, म्हणून मी मारलं."

साहेब तडक जिना उतरून गेला. दितासनं तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावला. आणि दुलो? दुलो खिडकीबाहेर बघत राहिला, पण त्याची हनुवटी हलत होती.

जेर्विनला काही काळ कामावरून दूर केलं, प्रमोशन गेलं. वर्दी राहिली. दितास कितीतरी दिवस लिओनिदाशी बोलली नाही, मग एका सकाळी येऊन म्हणाली, "कुमारे, माझे फुगत का नाहीत ते दाखव." एवढंच.

आणि दुलो परत स्टँडवर गेला त्या दिवसाचं सांगायचं राहिलंच की! सगळी रांग लागलेली, दुलो खाली बसून साखळी चढवत होता, आणि जेर्विन समोरून आला. बाजाराच्या मधोमध, भर उन्हात. तो दुलोसमोर वाकला आणि तसाच राहिला.

दुलोनं हाताकडं बघितलं. "ग्रीस आहे रे हाताला."

"असू दे, निनोंग."

"खरंच आहे."

"असू दे."

मग दुलोनं हात पुढं केला. जेर्विननं तो दोन्ही हातांनी धरला, कपाळाला लावला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "पुरे की रे, माझी सवारी खोळंबलीय!" तेव्हा कुठं सगळे हसले, दुलोसुद्धा.

जेर्विन निनांगच्या पुतोच्या टपरीपाशी आला तर कपाळावर ही काळी बोटं उमटलेली! लिओनिदानं लगेच एप्रनचं टोक थुंकीनं ओलं केलं, लहानपणी करायची तसं, आणि पुसायला हात वर केला.

तो मागं सरकला. "राहू दे, निनांग."

"असाच जाणार बाजारातून?"

"असाच."

तिनं एक पुतो केळीच्या पानात गुंडाळून त्याच्या हातावर ठेवला. गरम होता. तो फुंकर घालत, खात खात, सगळ्यांच्या देखत अख्खा बाजार ओलांडून गेला.