चंचीतलं पिस्तूल

पलटणीत मी चौदा वर्सं कोतात हवालदार व्हतो. कोत म्हंजे शस्त्रं ठिवायची कोठी. रायफली मोजायच्या, खोलायच्या, तेल द्यायचं, परत जोडायच्या, हेच काम. डोळ्याला पट्टी बांधली तरी बंदूक जोडून दाखवायचो. आन् आज आख्खं गाव मला काय म्हनतंय, तर 'पिन इसरलेला तात्याबा'. टाळकं सरकणार न्हाई तर काय हुईल?

ते पिस्तूल माझ्या घरी आलं चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात. आमच्या भागातल्या भूमिगत पोरांचा म्होरक्या हंबीरराव. त्येनं ते गोव्याकडनं शेंगांच्या पोत्यातनं आनवलं. माझ्या पुढ्यात फडकं सोडून म्हनला, "तात्याबा, नवं कोरं हाय. तुमी जाणतं मानूस. बघा आन् सांगा कसं हाय."

बघितलं. आता काय सांगू? हातात घेतलं तर हातातच दिसंना. मूठ इतकी आखूड की दोन बोटं बसली, करंगळी बाहीर लोंबाय लागली. नेम धरायला वर ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा, त्यो चाळिशीनंतर कुनाच्या बापाला दिसायचा? संगं गोळ्या आल्या सात. म्हनलं, एक तरी उडवून बघू. ओढ्याला जाऊन दहा पावलांवरनं बाभळीच्या बुंध्यावर मारली. आवाज झाला, धूर झाला, आन् गोळी बुंध्यात अर्धी आत, अर्धी बाहीर. नखानं उचकटून काढली मी ती.

त्याहून वंगाळ म्हंजे सेफ्टीची कळ. ती इतकी ढिली की नुसता कापडाचा घासा लागला तरी खाली यायची आन् चाप मोकळा व्हायचा. म्हंजे गोळी भरून खिशात टाका आन् बसता-उठता स्वताच्याच मांडीत घालून घ्या.

मी हंबीररावाला म्हनलं, "ह्ये खेळणं हाय. चांगलं थोराड रिव्हॉल्व्हर आना, न्हाईतर काठी बरी."

त्यो म्हनला, "लपवता येतंय का?"

"येतंय, पर—"

"मग झालं तर. सोमवारी पाटणच्या बाजारात आपली बैठक हाय. माझ्या पाठीशी हे घिऊन आकाराम उभा राहील."

आकाराम म्हंजे माझा जावई, रंगूचा नवरा. लगीन हून दीड वर्स झालेलं. घरात दुसरं कोन न्हाई म्हनून दोघं माझ्याकडंच ऱ्हायची. गडी धीराचा, तालमीतला, पर डोक्यानं तापट आन् हट्टी. त्यात जावई. पोटचा पोरगा असता तर दोन मुस्काटात दिल्या असत्या. जावयाला 'आवं पाव्हणं' करूनच बोलाय लागतंय, मग त्यो विहिरीत उडी घ्यायला निघालेला का असंना.

पहिला प्रश्न, ठिवायचं कुठं? हे पिस्तूल केलंय कोटवाल्या सायबासाठी. आमच्यात कोट कोन घालतंय? बाजारच्या दिवशी आकारामानं कोट घातला असता तर वाटंत दहा जनांनी इचारलं असतं, "कुनाच्या लग्नाला?" पटक्यात खोवून बघितलं, पटका एका बाजूला कलला. धोतराच्या ओच्यात घातलं, चार पावलांत खाली घसरलं. मी आपला डोस्कं धरून बसलो.

शेवटी रसूल शिंप्याला गाठलं. रसूल विश्वासाचा, माझ्या बरोबरीचा. त्येनं बंडीला आतनं, काखंच्या खाली एक चोरखिसा शिवला. वर झाकण, झाकणाला गुंडी, आन् कळ घासू नये म्हनून आत जाड मांजरपाटाचं अस्तर. वरनं पैरण घातली की देवाला सुदिक दिसणार न्हाई असं काम. माझा जीव भांड्यात पडला.

आकारामानं ती बंडी घातली, घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या आन् काढून खुंटीला अडकवली. "मामा, काखंत टोचतंय. घाम येतोय. येळंला गुंडी सोडंस्तवर समोरचा मला गार करंल."

"मग कसं करता, पाव्हणं?"

त्येनं कमरंची चंची काढली. तीन कप्प्यांची, पान-तंबाखूची, रंगूनंच शिवून दिलेली. मधल्या कप्प्यात पिस्तूल सरकवलं, वर पानं, शेजारी चुन्याची डबी. गुंडाळून कमरंला खोवली आन् हसला. "बघा की. कुनाला संशय येतोय?"

माझ्या अंगाची लाही झाली. "पाव्हणं, आवं, चंची म्हंजे काय तुमच्या एकट्याची अस्तीया व्हय? वाटंनं जाता चार अनोळखी मानसं भेटली तर चौघंबी 'चंची काढा' म्हनत्यात. आजवर कुनाला न्हाई म्हनलाय का तुमी? म्हनता येतंय का?"

"संपली म्हनायचं."

"एवढी फुगलेली चंची कमरंला, आन् संपली? कोन मानंल?"

झालं. जावयाला राग आला. दुपारी ताटावरनं उठला. रंगू डोळ्यांत पानी आनून मला म्हनली, "आबा, तुमी त्यास्नी सारखं टोचू नका. तुमाला पलटणीतलं तेवढं खरं वाटतंय." बोलून सोय न्हाई. घरातल्या घरात मीच वाईट.

तवा मी जे केलं ते आता सांगतो. शनवारी आकाराम नदीला आंघुळीला गेला व्हता. मी पिस्तूल घेतलं, खोललं, आन् आतली पिन काढून घेतली. घोडा पडला की ही पिन गोळीला टोचती आन् गोळी फुटती. पिन न्हाई तर पिस्तूल म्हंजे लोखंडाचा तुकडा. पिन केवढी, तर दातकोरण्याएवढी. ती पटक्याच्या घडीत खोचली आन् पिस्तूल परत जोडून ठिवलं. माझा इचार साधा व्हता. सोमवारी सकाळी निघायच्या वक्ताला पाव्हण्यांना म्हनायचं, बंडी घाला, मग पिन बसवून देतो. तवर चंचीत कळ पडून पोट फुटायचं भ्या न्हाई. कुनाला फसवायचं मनात न्हवतं.

आन् नेमका निरोप आला आइतवारी. बैठक आजच हाय, ताबडतोब निघा. मी उसाला पानी पाजाय गेलेलो. घरी आलो तर रंगू म्हनली, "ते गेलं." खुंटीवर बंडी तशीच लोंबत व्हती. चोरखिसा रिकामा. मी तसाच उलट्या पावली पळालो. लढाईत लंगडा झालेला माझा पाय, त्यो कितीसा पळणार? सारी वाट स्वताला शिव्या घालत पळालो. हंबीररावाच्या पाठीशी बिनपिनीचं पिस्तूल उभं करणारा मी शहाणा.

पाटणच्या अलीकडं पोलिसांचा नाका व्हता. वळणावरनं बघतो तर आकाराम नाक्यावर उभा. झडती झालेली, चंची कुनी उलगडलेली न्हाई, पोलीस 'जा' म्हनलेलाबी. तेवढ्यात बाजूच्या दगडावर बसलेला बिराप्पा उठला. बिराप्पा शिपाई जत भागातला, मानूस गरीब, पर तंबाखूसाठी जीव टाकणारा. नाक्यावरनं येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या चंच्या त्याला तोंडपाठ.

"पाव्हणं, सकाळपासनं तोंड कोरडं हाय. जरा चंची काढा की," असं म्हनून त्येनं तळहात पुढं केला.

पन्नास पावलांवरनं मला आकारामाचं तोंड दिसत व्हतं. देता येईना आन् न्हाईबी म्हनता येईना. बिराप्पा हात पसरून हसतोय. मग आकारामानं चंची उलगडली, पानं खाली पडली, आन् पिस्तूल बिराप्पाच्या छातीला लावून त्येनं चाप ओढला.

टक्.

परत ओढला. परत टक्. बिराप्पाचा हात अजून पसरलेलाच व्हता. मग बाकीचं पोलीस धावलं आन् बंदुकीच्या दस्त्यांनी आकारामाला पार लोळवला. मी वळणावर उभा. पटक्याच्या घडीत पिन. पुढं झालो न्हाई आन् तोंडातनं शबूदबी काढला न्हाई. त्याची लाज मला अजून वाटती.

साताऱ्याच्या कोर्टात चार वर्सं सक्तमजुरी झाली. वकील बाहीर येऊन म्हनला, "गोळी सुटली असती आणि शिपाई मेला असता, तर फाशीच होती. सरकारी तपासनीस सांगतो, पिस्तुलात पिनच नव्हती."

हे गावात पोचलं आन् लोकांनी आपलं आपलं जुळवलं. उडवून बघितलं तवा चालत व्हतं. मग तात्याबानं साफ करायला खोललं आन् जोडताना पिन बसवायची इसरला. हंबीरराव दारात येऊन चार लोकांत म्हनला, "चौदा वर्सं पलटणीत काय गवत उपटलं व्हय तुमी? त्या दिवशी मी मेलो असतो." मी खाली मान घातली. खरं काय ते सांगितलं असतं तर चळवळीचा गद्दार ठरलो असतो, आन् रंगूनं जन्मात तोंड बघितलं नसतं. इसरभोळा म्हनून तरी ती घरात भाकरी थापत व्हती. पर बोलायची न्हाई. ताट सरकवायची आन् चुलीकडं तोंड करून बसायची.

ती पिन मी किती येळा नदीत टाकाय नेली. टाकवली न्हाई. पटक्यातनं काढून माझ्या चंचीत ठिवली, दातकोरण्याशेजारी.

सेहेचाळीस साली नवं सरकार आलं, चळवळीतलं कैदी मुदतीआधीच सोडलं, त्यात आकाराम सुटला. दुपारी सर्व्हिस मोटारीनं आला. अर्धा झालेला, पुढचं दोन दात पडलेलं. रंगूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पानी घातलं, आन् चहा ठिवायला आत गेली. आकाराम माझ्या शेजारी घोंगड्यावर टेकला.

मग त्यो म्हनला, "मामा, नाक्यावर बिराप्पा भेटला. वळखलं त्येनं. त्येनं आपला हात पुढं केला, 'हाय का तंबाखू' म्हनला. माझ्याजवळ चंचीच न्हवती." थांबला, आन् म्हनला, "परत जाऊन दिऊन येतो त्याला. काढा तुमची चंची."

माझा हात कमरंवर गेला आन् तिथंच ऱ्हायला. फुगलेली चंची, संपली कसं म्हनू? त्या दिवशी नाक्यावर त्याचं काय झालं आसंल ते मला तवा कळलं. मी चंची काढून दिली.

त्येनं पानं बाजूला केली, चुन्याची डबी काढली. बोटाला काहीतरी लागलं म्हनून बाहीर काढून उजेडात धरलं. खटल्यात त्या पिनीचं सगळं ऐकलेला मानूस, त्याला वळखायला कितीसा वेळ लागतोय?

"इसरलो न्हवतो," मी म्हनलं.

त्येनं माझ्याकडं बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी वाट बघत व्हतो शिव्यांची, दोन वर्सं बघत व्हतो. तेवढ्यात रंगू चहा घिऊन आली आन् त्याच्या हाताकडं बघून म्हनली, "काय हो ते?"

"काय न्हाई," आकाराम म्हनला, "मामांचं दातकोरणं हाय."

त्येनं तंबाखू मळली, अर्धी माझ्या तळहातावर ठिवली. बिराप्पासाठी पुडी बांधली, आन् पिन आपल्या खिशात टाकून नाक्याकडं चालाय लागला. ती त्येनं आजवर परत दिली न्हाई, आन् मागायला मला तोंड न्हाई.