गारबुवाचा लंबक

हॉटेलच्या मागच्या वाळूवर पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे खुर्च्यांवर नगर समितीची माणसं, त्यांच्यामागे दुकानदार, त्यांच्यामागे मासळीबाजारातल्या बायका टोपल्या उपड्या घालून बसलेल्या, आणि शेवटी उशिरा येऊन 'जरा खाली बसा की' म्हणून ओरडणारे. मंचावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला एक माणूस उभा होता. त्याच्या एका हातात दोरा, दोऱ्याला स्फटिक. दुसऱ्या तळहातावर कासवाचं पिल्लू, नुकतंच अंड्यातून निघालेलं.

स्फटिक थरथरला आणि गोल फिरायला लागला.

"मादी!" तो माइकमध्ये म्हणाला.

लाल कापडाच्या करंडीतून त्याने दुसरं पिल्लू काढलं. स्फटिक पुन्हा गोल. "मादी!" तिसरं. "हीसुद्धा मादी! बघताय ना? धरणी तापली आहे, माउलींनो. तापलेल्या वाळूत नर जन्मतच नाहीत. आणि नर नाही तर वंश कुठला? म्हणून तुमच्या किनाऱ्यावरची कासवं संपली. कोणाचा दोष? कोणाचाच नाही! हा आभाळाचा कोप आहे."

मग त्याने निळ्या कापडाच्या करंडीत हात घातला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यातली पिल्लं त्याच्या 'शीतकांड्या' पुरलेल्या घरट्यांतली होती. कांडी म्हणजे तांब्याचा दांडा, वर निळा रंग, आत काय ते गुपित. पिल्लू तळहातावर आलं. स्फटिक क्षणभर थांबला आणि सरळ रेषेत पुढेमागे झुलू लागला.

"नर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या हॉटेलच्या मॅनेजरने उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याला 'कोणाचाच दोष नाही' हे वाक्य फार आवडायचं.

हा माणूस स्वतःला वसुंधरेचा वैद्य म्हणवायचा. मासळीवाल्या तोंडावर त्याला 'गुरुजी' म्हणायच्या आणि पाठीमागे 'गारबुवा'. मीही इथे तेच नाव वापरते, पण तेव्हा त्या नावाला मी कधी हसले नव्हते. ज्याचा हिशेब चुकता करायचा आहे त्याची थट्टा करून मन हलकं करून घेणं मला परवडणारं नव्हतं.

माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. गाव त्यांना कासवसर म्हणायचं. निवृत्त झाल्यावर ते रोज पहाटे किनाऱ्यावर जात, घरटी शोधत आणि कुत्र्यांनी अंडी उकरू नयेत म्हणून त्यांवर लोखंडी जाळ्या बसवत. हॉटेल उभं राहिलं, त्याचे झगझगीत दिवे समुद्राकडे तोंड करून लागले, आणि त्यानंतर घरटी कमी होत गेली. बाबांनी समितीला सांगितलं, मॅनेजरला सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं. "हंगामापुरते दिवे बंद करा हो. पिल्लं उजेडाकडे जातात आणि रस्त्यावर चिरडतात. माद्याही उजेड बघून अंडी न घालता परत फिरतात." लोक म्हणाले, म्हाताऱ्याला हॉटेल खुपतंय.

मग हॉटेलच्या निमंत्रणावरून गारबुवा आला. पहिल्याच सभेत त्याने याच माइकवरून जाहीर केलं, की सरांच्या लोखंडी जाळ्यांनी घरटी आणखी तापली. ज्याने कासवं राखली, त्यानेच ती संपवली. तेव्हाही टाळ्या पडल्या होत्या. बाबा तिसऱ्या रांगेत बसले होते.

शेवटच्या आजारपणात ते मला पुन्हा पुन्हा विचारायचे, "बाळा, खरंच माझ्या जाळ्यांमुळे झालं का गं? आयुष्यभर विज्ञान शिकवलं, आणि मलाच कळलं नाही?" मी म्हणायची, "नाही हो बाबा." ते हसायचे. मुलगी बापाला नाहीच म्हणणार, असं त्या हसण्यात असायचं. त्यांना माया नको होती, पुरावा हवा होता. तो मिळायच्या आत ते गेले.

आज गारबुवाने मला मंचावर बोलावलं होतं. कासवसरांच्या मुलीच्या हस्ते सगळ्यांसमोर शीतकांडी पुरायची आणि मग समितीने साऱ्या किनाऱ्यासाठी कांड्या मंजूर करायच्या, असा बेत होता. दिव्यांचा विषय त्यासोबत कायमचा पुरला जाणार होता.

"सरांना शेवटी पटलं होतं बरं का," त्याने गर्दीला सांगितलं. "त्यांनी मला निरोप पाठवला होता. चूक झाली म्हणाले. या ताई, दोन शब्द बोला."

असा कोणताही निरोप गेला नव्हता. मी माइक हातात घेतला.

"मी दातांची डॉक्टर आहे," मी म्हणाले. "तुमच्यातले बरेच जण माझ्या खुर्चीत तोंड उघडून बसलेत. आज मी थोडं बोलते, तुम्ही तोंड मिटून ऐका."

लोक हसले. गारबुवाही हसला.

"ही पिल्लं दुपारपासून माझ्या दवाखान्यात होती. गुरुजींनीच पाठवली होती, तिथे गार असतं म्हणून. त्याच वेळी समितीच्या अध्यक्षबाई दाढ दाखवायला आल्या होत्या. अध्यक्षबाई, तुमच्या समोर मी काय केलं ते सांगता का?"

अध्यक्षबाई उठल्या. त्यांचा डावा गाल अजून बधिर होता, शब्द एका बाजूने घरंगळत होते. "हिने... लाल कापडाच्या करंडीतल्या सगळ्या पिल्लांच्या पोटाला पांढरा ठिपका लावला. दातात भरायचा मसाला. आणि मग दोन्ही करंड्यांवरची कापडं बदलली. लाल तिकडे, निळं इकडे. मी म्हटलं, हे काय गं? तर म्हणाली, संध्याकाळपर्यंत कोणाला बोलू नका. तसंही मला बोलता येत नव्हतं."

मी निळ्या कापडाची करंडी पुढे घेतली. एक पिल्लू उचलून उलटं केलं. काळ्या पोटावर पांढरा ठिपका. दुसरं. त्यावरही. मग सगळीच पहिल्या रांगेतून फिरवली.

"यांच्या घरट्यांत कांडी नव्हती. ही तापलेल्या वाळूतली पिल्लं. आणि गुरुजींनी आत्ता यांतल्यालाच नर म्हटलं. कांडीवाल्या पिल्लांना मादी म्हटलं. लंबकाला पिल्लू दिसत नाही, कापडाचा रंग दिसतो. बोट जरासं हललं की दोरा हलतो. खुद्द बोटाच्या मालकालाही कधी कधी ते कळत नाही. यांना कळत होतं की नाही, ते हेच सांगतील."

गारबुवाचा आवाज मधाळच राहिला. "ताई, दुःखात माणूस संशयी होतं. संशयाची कंपनं फार जड असतात. स्फटिक बिथरतो."

"मग कंपनं नको. डोळ्यांवर पट्टी बांधा. मी न बोलता पिल्लू तुमच्या हातावर ठेवते. पिल्लं बदलून बदलून ठेवीन, त्यातलं एखादं पुन्हाही ठेवीन, कधी ते सांगणार नाही. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, तर मी इथेच तुमची माफी मागते."

"असले खेळ मी—"

"बांधा की पट्टी!" मागून मासळीबाजारातल्या मावशी ओरडल्या. बाजारात सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. "आमच्याकडून माशाचं पोट फाडून आतली अंडी दाखवल्याशिवाय गाभोळी घेत नाहीत लोक. तुम्ही पट्टीला का घाबरता?"

त्याला पट्टी बांधावी लागली. मी पिल्लू ठेवलं. दोरा बराच वेळ नुसता लोंबकळला, मग गोल फिरला. "मादी," तो म्हणाला. मी ते उचललं, जरा थांबले, आणि तेच पुन्हा ठेवलं. दोरा सरळ झुलला.

"नर."

"आत्ता मादी होतं ते!" मावशी किंचाळल्या. "अजून एकदा ठेव गं पोरी, या खेपेला मॅनेजर निघेल!"

हशाची लाट मागून पुढे आली. मॅनेजर खुर्चीत खाली सरकला. गारबुवाने पट्टी ओढून काढली आणि मंचाच्या पायरीकडे निघाला.

"थांबा," मी म्हणाले. "अजून झालेलं नाही."

वाट सोडायला कोणी तयार नव्हतं. तो थांबला.

मी लोकांना सांगितलं, की नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचं लिंग बाहेरून बघून ओळखता येत नाही. माझ्या वडिलांना येत नव्हतं, भल्याभल्या शास्त्रज्ञांना येत नाही. वाळू तापली की माद्या जास्त जन्मतात, हे खरं आहे. जग तापतंय, हेही खरं आहे. बाबांनीच ते या गावाला सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं. "पण मावशी, मला सांगा. इतकी वर्षं माद्याच माद्या जन्मत असतील, तर अंडी घालायला येणाऱ्या माद्या वाढतील की कमी होतील?"

मावशींनी बोटांवर हिशेब घातला. "निदान पहिली काही वर्षं तरी वाढायला हव्यात."

"आणि आपल्याकडे नेमक्या त्याच कमी झाल्या. कड्यापलीकडच्या किनाऱ्यावर मात्र घरटी पहिल्यासारखीच आहेत. तिथे काय वेगळा सूर्य उगवतो? ऊन तेच, वाळू तीच, समुद्र तोच. तिथे फक्त हॉटेल नाही."

सगळ्यांची तोंडं मागे वळली. सूर्य बुडाला होता आणि हॉटेलचे दिवे नुकतेच लागले होते.

मी गारबुवाकडे वळले. "माझ्या वडिलांच्या जाळ्यांनी कासवं मारली, असं तुम्ही याच माइकवरून सांगितलंत. आता याच माइकवरून ते परत घ्या. आणि तो निरोप कोणी, कधी आणला, तेही सांगा."

तो पुटपुटला.

"मोठ्याने. मागे ऐकू जात नाही."

"जाळ्यांचं... माझ्याकडे पुरावा नव्हता. निरोप आला नव्हता."

"पुन्हा."

त्याने पुन्हा म्हटलं. त्याची मान खाली गेली होती. पहिल्या रांगेत कोणीतरी कुजबुजलं, "जाऊ दे आता, ताई." मी त्या माणसाकडे पाहिलं. बाबांच्या वेळी 'जाऊ द्या' म्हणायला त्याला तोंड फुटलं नव्हतं. मी गारबुवाकडून ते तिसऱ्यांदा वदवून घेतलं. मला त्याची कीव आली नाही, आणि न आल्याची खंतही वाटली नाही.

मग मी ठिपके खरवडून काढले आणि दोन्ही करंड्या वाळूवर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आडव्या केल्या. "बाजूला व्हा. आता कोणी बोलू नका. बघा फक्त."

पिल्लं बाहेर आली. इवल्या वल्ह्यांनी वाळू मागे लोटत, समुद्राकडे पाठ करून, सगळीच्या सगळी हॉटेलच्या दिशेने निघाली. लाल करंडीतली, निळ्या करंडीतली, सगळी. पुढे दगडी पायऱ्या होत्या, त्यापलीकडे रस्ता. एका मोटारीचा हॉर्न वाजला.

"अगं बाई, ही तर उलटी चालली!" मावशींनी कपाळाला हात लावला.

"दिवे बंद करा," अध्यक्षबाई मॅनेजरला म्हणाल्या.

"मॅडम, पाहुणे जेवतायत. एवढ्या-तेवढ्यासाठी—"

"अंधारातही तोंड सापडतं त्यांना," मावशी म्हणाल्या आणि टोपली काखेत मारून तरातरा निघाल्या. त्यांच्यामागे सगळा बाजार निघाला. काचेच्या दारापाशी थोडी बाचाबाची झाली, मग एकेक करत दिवे मालवले. शेवटी पाटीवरचा निळा उजेडही गेला.

वाळू काळी झाली. समुद्रावर मात्र आभाळाची फिकट पट्टी उरली होती. पिल्लं थबकली. एकाने अंग वळवलं, मग दुसऱ्याने. थोड्या वेळाने सगळा घोळका पाण्याकडे सरकू लागला. शेकडो माणसं गप्प उभी होती, पायाखाली काही येऊ नये म्हणून जागच्या जागी खिळलेली. लाट आली आणि पहिलं पिल्लू घेऊन गेली.

यात चमत्कार नाही. रात्री उघडा समुद्र जमिनीपेक्षा उजळ दिसतो, म्हणून पिल्लं उजेडाकडे जातात. आपण खोटा उजेड लावला, ती तिकडे गेली. शाळेत शिकवण्याइतकी साधी गोष्ट आहे आणि ती शाळेत शिकवलेलीही होती.

ऊन वाढलंय म्हणणारा प्रत्येक जण ठग नसतो. जग खरंच तापतंय आणि त्यासाठी खूप काही करायला हवं. पण एवढं मोठं, खरं कारण हाताशी असलं की त्याच्या आड लहान, लाजिरवाणी कारणं लपवणं फार सोपं होतं. म्हणून कोणी आभाळाकडे बोट दाखवलं, की आधी शेजारचा किनारा बघून या. तिथेही तसंच घडतंय का ते विचारा. सांगणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि त्याला तेच पुन्हा करायला लावा. 'कोणाचाच दोष नाही' ऐकून पहिल्या रांगेत कोण टाळ्या वाजवतंय, तेही पाहून ठेवा.

आणि हे सगळं जिवंत माणसासाठी करा. तुमच्या गावात कोणी एकटा उभा राहून दिवे बंद करा म्हणत असेल, तर तो असेपर्यंत त्याचं म्हणणं तपासून बघा.