फाटकावरची बाई

जोसलिन गुडघ्यांवर बसून कारखान्याच्या फाटकापुढचं गवत उपटत होती. दहा वर्षांत ते फरशीच्या फटींतून चांगलं कमरेएवढं माजलं होतं, मुळं काही केल्या सुटत नव्हती, आणि टेरेन्सला जाहिरातीच्या चित्रणात गवताची एक काडीसुद्धा दिसायला नको होती. कारखाना चालू वाटला पाहिजे, सकाळची पाळी आत्ताच आत गेली असावी असा. 'बंद आहे' ही पाटीही तिनेच उतरवून भिंतीआड ठेवली होती. गावातली मुलगी बॉस्टनच्या कॉलेजात जाहिरातीचं शिकते आणि शिकता शिकता एवढं मोठं काम गावात घेऊन येते, याचं फादर लाव्हुआंना इतकं अप्रूप वाटलं की रविवारी प्रार्थनेनंतर त्यांनी तिचं नाव घेतलं. बायकांनी वळून वळून तिच्याकडे पाहिलं होतं.

जागा तिनेच सुचवली होती. कामगारांचे बूट विकणाऱ्या एका कंपनीला जाहिरातीसाठी 'खरंखुरं अमेरिकन गाव' हवं होतं. एजन्सीच्या बैठकीत सगळे ओहायो, पेनसिल्व्हेनिया अशी नावं घेत होते. जोसलिन तिथे सुट्टीपुरती उमेदवारी करत होती आणि तोवर तिला कॉफी आणण्यापलीकडे कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने धीर करून मोबाइलवरचा फोटो पुढे केला. मेन राज्याचं उत्तर टोक, नदी, नदीकाठी कागदाचा कारखाना आणि त्याची दोन थंड धुराडी. टेरेन्सने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "हे कुठे लपवून ठेवलं होतंस इतके दिवस?" त्या एका वाक्यावर ती पुढचा महिनाभर तरंगत होती. उमेदवारांपैकी एकालाच कायम करणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"झालं का शेत नांगरून?"

टेरेन्स मागे येऊन उभा होता. एजन्सीचा दिग्दर्शक, पन्नाशीचा, गोड बोलणारा आणि गोड बोलूनच काम काढून घेणारा.

"होतंच आलंय."

"ऐक. भोंगा आज तीनदा वाजवायचा. छोटे, तुटक. तू काल सांगितलंस ना, तसे."

जोसलिनच्या मुठीतलं गवत मुठीतच राहिलं.

काल दुपारी जेवताना तिने सांगितलं होतं खरं. एक लांब भोंगा म्हणजे पाळी. तीन तुटक भोंगे म्हणजे आत कुणाला तरी लागलंय. ते तीन ऐकले की गावातल्या बायका हातातलं काम टाकून फाटकाकडे धावायच्या. ज्यांना काही झालेलं नाही ते पुरुष यंत्रं सोडून फाटकाच्या आतल्या अंगाला येऊन उभे राहायचे, टोप्या काढून, म्हणजे जिने तिने आपल्या माणसाचं तोंड बघावं आणि घरी जावं. कुणी नियम केलेला नव्हता. आज्यापणज्यांपासून चालत आलेलं होतं. ती बोलत होती आणि टेबलावरचे सगळे खायचे थांबले होते. आपण बोलतोय आणि ही शहरातली माणसं ऐकताहेत, याची तिला पहिल्यांदाच चव लागली. शेवटचा भाग मात्र तिने गाळला. आठ वर्षांची असताना ती आईचा हात धरून याच फाटकाशी उभी होती, आणि आतल्या रांगेत सगळे होते, तिचे वडील तेवढे नव्हते. गोष्ट कुठवर सांगितली की लोक हळहळतात आणि कुठून पुढे अवघडतात, हे कॉलेजात तिला छान शिकवलं होतं.

"लोक घाबरतील," ती म्हणाली.

"दहा वर्षं बंद पडलेल्या कारखान्यात कुणाला लागणार आहे? आणि पोस्टात कागद लावलायस ना तू, आज भोंगा वाजेल, दचकू नका म्हणून?"

"लावलाय. पण त्यात..."

"मग झालं तर." त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. "ही तुझी कल्पना आहे, विसरू नकोस. वरच्यांशी बोलताना मी तुझं नाव घेऊन सांगणार आहे."

कागदावर 'भोंगा' एवढंच लिहिलं होतं. वाचणाऱ्यांनी तो पाळीचा भोंगा धरला असणार, हे तिला कळत होतं. तिने हातमोजे काढले आणि ती उठून आत गेली.

फाटकाच्या आत गावातलेच वीसेक पुरुष कोरे बूट घालून उभे होते. कधीकाळी इथेच राबलेले, आता कुणी बर्फ उपसतं, कुणी बायकोच्या पगारावर टीव्ही बघतं.

"दहा वर्षांनी कामावर आलो, आणि काम काय, तर उभं राहायचं," रॉजर वेलेट म्हणाला.

"फोरमन होतास तेव्हा दुसरं काय करायचास?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

"बूट चावतात रे."

"परदेशात शिवलेत. त्यांना काय माहीत तुझे बदकाचे पाय!"

सगळे मजेत होते. जोसलिनलाही हसू आलं, आणि तेवढ्यात तिचं कॅमेऱ्याकडे लक्ष गेलं. तो फाटकातून आत, या माणसांकडे वळलेला नव्हता. त्याचं तोंड बाहेर होतं, चर्चकडून चढत येणाऱ्या रस्त्याकडे.

आई चर्चच्या तळघरात होती. आज शनिवार, संध्याकाळी गावजेवण. बायका सकाळपासून घेवड्याच्या हंड्या लावून बसलेल्या. तळघराच्या भिंती जाड आहेत, जोसलिनने स्वतःला सांगितलं. खाली ऐकू जाणार नाही. त्यांचा रेडिओही चालू असतो.

"सांग त्यांना," टेरेन्स म्हणाला.

भोंग्याशी बसलेल्या तंत्रज्ञाला निरोप द्यायचा वॉकीटॉकी तिच्याच हातात होता. तिने बटण दाबलं.

"तीन," ती म्हणाली. "छोटे." आवाज जराही कापला नाही आणि त्याचं तिला त्या क्षणी बरंच वाटलं.

भोंगा तीनदा वाजला. आतल्या पुरुषांचं हसणं एका झटक्यात थांबलं. कुणी सांगितलेलं नसताना रॉजरने टोपी काढली, मग बाकीच्यांनी काढल्या, आणि ते चार पावलं पुढे येऊन फाटकाच्या गजांशी ओळीने उभे राहिले. टेरेन्सने आनंदाने कॅमेरामनचा दंड घट्ट धरला.

बायका रस्त्यावरून धावत आल्या. अंगावर एप्रन, हात कोपरापर्यंत ओले, म्हाताऱ्या क्लोडेटच्या पायात एकच चप्पल. ज्यांच्या नवऱ्यांना जाऊन वर्षं झाली होती त्याही धावत होत्या. सगळ्यांत पुढे जोसलिनची आई, लोरेन, तोंड उघडं, चेहऱ्यात रक्ताचा थेंब नाही. ती गजांशी आली आणि एकेका पुरुषाचा चेहरा बघत सरकू लागली. पण ती पुरुष शोधत नव्हती. आज तिची मुलगी आत होती, जुन्या गंजक्या यंत्रांमध्ये.

रांगेच्या टोकाला तिला जोसलिन दिसली. धडधाकट, दोन पायांवर उभी.

लोरेनचा चेहरा खुलला. डोळे भरून आले, आणि ती हसली. जोसलिनने आईला असं हसताना आजवर पाहिलं नव्हतं. वडील असताना कदाचित हसत असेल, तिला आठवत नव्हतं.

"मिळालं," टेरेन्स हळूच म्हणाला. "देवा, मिळालं."

नंतर बायका फाटकाबाहेर कट्ट्यावर दम खात बसल्या. कुणी हसत होतं, कुणी शिव्या देत होतं. क्लोडेट पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अगं, लांब वाजला असता तर मी मान वर केली नसती. पण तीन!" जोसलिन पाण्याची बाटली घेऊन आईपाशी गेली.

"जोसी, यांना तीनचं कुणी सांगितलं गं?"

"कुणास ठाऊक. वाजवून बघितलं असेल सहज."

लोरेनने एप्रनला हात पुसले. कोरडे झाले तरी ती पुसत राहिली. टेरेन्स कागद घेऊन आला, चेहरा वापरायच्या परवानगीचा. तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला, तिचे हात हातात घेऊन म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणजे साक्षात अमेरिका आहात."

लोरेनने मुलीकडे पाहिलं. "यानं तुझं काही भलं होणार आहे का?"

"हो, आई."

"मग आण पेन इकडे."

जाहिरात शरद ऋतूत आली, रविवारच्या फुटबॉल सामन्याच्या मध्ये, सगळा देश टीव्हीपुढे बसलेला असताना. धावणाऱ्या बायका, संथ गतीत. भोंगे काढून टाकलेले, त्याजागी पियानो. गजांआडचे पुरुष टोपी काढून उभे, जणू कामाला वंदन करताहेत. मग लोरेनचा चेहरा, खुलत जाणारा, आणि त्यावर अक्षरं: 'अमेरिका पुन्हा कामावर निघाली.' जोसलिन चित्रात कुठेच नव्हती. एजन्सीने तिला कायम केलं. पदवी मिळेपर्यंत दुपारपुरतं, नंतर पूर्णवेळ.

त्याच आठवड्यात प्राध्यापिकाबाईंनी ती जाहिरात वर्गात दाखवली आणि शेवटच्या चेहऱ्यावर चित्र थांबवलं.

"ही बाई कशाकडे बघतेय?"

"भविष्याकडे," एकजण म्हणाला.

"तिला पुन्हा संधी मिळतेय, त्या संधीकडे."

"आपल्या देशाकडे," मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली आणि तिने डोळे टिपले. "माझी आजी अगदी अशीच आहे."

मागच्या भिंतीला टेकून जोसलिन ऐकत होती. लोरेनच्या वडिलांना शाळेत फ्रेंच बोलले म्हणून छड्या बसल्या होत्या. नदीपलीकडची मुलं त्यांना 'बेडूक' ही फ्रेंचांसाठीची शिवी द्यायची, आणि जन्मभर त्यांना कुणी अमेरिकन म्हटलं नाही. आता त्यांची मुलगी पडद्यावर भिंतीएवढी होती आणि सगळ्या वर्गाला आपली आजी वाटत होती. तिचं नाव, तिचा नवरा, तिची भीती काढून घेतल्यावर चेहऱ्यात जी जागा रिकामी झाली, तिच्यात आता कुणालाही आपला देश ठेवता येत होता. यात खोटं असं एकही चित्र नव्हतं. ती बाई खरी होती, हसू खरं होतं. फक्त ती कशाकडे बघत होती तेवढं बदललं होतं, आणि ते बदलणं हाच आपला धंदा आहे, हे जोसलिनला स्वच्छ कळलं. हात वर करून चार शब्द सांगितले असते तर ते हसू आईला परत मिळालं असतं. तिने हात वर केला नाही.

दुपारी टेरेन्सने तिला बोलावलं.

"टीव्हीवाले उद्या तुझ्या गावी निघालेत, फाटकावरच्या बाईला भेटायला. जरा तयारी करून घे तिच्याकडून. आणि एक बघ, तू आमच्याकडे आहेस हे बाहेर यायला नको. लोक म्हणतील, यांनी घरचीच बाई आणून उभी केली. सगळंच मुसळ केरात."

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. आई स्वयंपाकघरात होती, मागे नळ वाहत होता.

"आई, उद्या ते विचारतील, तू काय बघत होतीस म्हणून."

"इथेही सगळे तेच विचारतात. परवा दुकानात एक परका माणूस माझ्यासमोर रडायलाच लागला. म्हणे, बाई, तुम्हाला बघून धीर आला. नोकरी गेलीय बिचाऱ्याची."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? असू दे, म्हटलं."

जोसलिनने डोळे मिटून घेतले. "तू असं सांग. फाटकात आपली माणसं उभी दिसली आणि वाटलं, गेलेले दिवस परत येणार."

"असं मी बोलते कधी?"

"एवढं बोल ना, आई. माझ्यासाठी."

नळ बंद झाला. "फाटकात आपली माणसं उभी दिसली," लोरेन म्हणाली, "आणि वाटलं, गेलेले दिवस परत येणार. बरोबर?"

"बरोबर."

"मुलंबाळं किती म्हणाले तर?"

"एक मुलगी आहे म्हण. कॉलेजात असते."

"आणि त्या दिवशी ती कुठे होती, असं विचारलं तर?"

आईच्या आवाजात टोमणा असता तर जोसलिनला सोपं गेलं असतं. तो नव्हता. उद्या आपल्याकडून काही चूक होऊन मुलीचं नुकसान होऊ नये, एवढीच काळजी होती.

"बॉस्टनला होती म्हणून सांग."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बॉस्टनला," लोरेन म्हणाली. "बरं. थांब हं, एकदा पहिल्यापासून म्हणून दाखवते. चुकले तर सांग."

ती म्हणू लागली. जोसलिन फोन कानाशी धरून ऐकत राहिली. ती कुठेच चुकली नाही.